फोन टेकवून होणारी कामे : एनएफसी रोजच्या वापरात कशी आणावी

आपल्या खिशातल्या फोनमध्ये बिनतारी संपर्काची जी साधने असतात, त्यांत एनएफसीचा पल्ला सर्वांत तोकडा आहे. वाय-फाय घरभर पोहोचते, ब्लूटूथ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, पण एनएफसी जेमतेम चार सेंटीमीटरवर थांबते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा दोष वाटतो. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण फोन एखाद्या वस्तूच्या इतक्या जवळ सहसा चुकून जात नाही. तो कोणीतरी हाताने, जाणूनबुजून न्यावा लागतो. त्यामुळे फोन टेकवण्याची ती एकच कृती ‘मला आत्ता, इथे, हीच वस्तू हवी आहे’ एवढे सगळे सांगून जाते, आणि मग यादीतून नाव निवडणे, पासवर्ड टाकणे, ॲप शोधून उघडणे ही मधली कामे गळून पडतात. एनएफसी कुठे वापरावे आणि कुठे वापरू नये हे ठरवताना मी हीच कसोटी लावतो.

एनएफसी म्हणजे निअर फील्ड कम्युनिकेशन, निकटच्या क्षेत्रातला संपर्क. फोनच्या पाठीमागच्या भागात तारेचे एक चपटे वेटोळे असते आणि त्यातून १३.५६ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. समोरच्या टॅगमध्ये, म्हणजे एका पातळ स्टिकरमध्ये, किंवा कार्डात तसेच वेटोळे आणि एक बारीक चिप असते, बॅटरी मात्र नसते. फोन जवळ आला की त्या क्षेत्रामुळे टॅगच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपल्याकडची माहिती परत देते. अंतर दुप्पट झाले की हे क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून पल्ला इतका कमी असतो. माहितीचा वेगही सेकंदाला १०६ ते ४२४ किलोबिट एवढाच असतो, त्यामुळे छायाचित्रे किंवा चित्रफिती पाठवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. या तंत्राचे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली मंजूर झाले आणि पुढच्याच वर्षी नोकिया, फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी त्याच्या प्रसारासाठी एनएफसी फोरम ही संस्था स्थापन केली. दोन फोन पाठीला पाठ लावून फायली पाठवण्याची अँड्रॉइड बीम नावाची सोय २०११ मध्ये आली होती, ती २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून मागे पडली. अजूनही काही जण ती सेटिंग्जमध्ये शोधत बसतात; त्या कामासाठी आता क्विक शेअर किंवा एअरड्रॉप वापरावे.

आधी अँटेना कुठे आहे ते शोधावे

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत एनएफसी ही तीन अक्षरे लिहावीत. फोनमध्ये ही सोय असेल तर तिचे बटण लगेच दिसते. बऱ्याच फोनमध्ये ते ‘कनेक्ट केलेली डिव्हाइस’ या विभागातील कनेक्शनच्या पर्यायांत असते. काहीच सापडले नाही तर त्या फोनमध्ये एनएफसीची चिप नाही असे समजावे, कारण कोणतेही ॲप घेऊन ती कमतरता भरून निघत नाही. आयफोनमध्ये असे वेगळे बटण शोधावे लागत नाही. आयफोन ७ आणि त्यानंतरचे फोन टॅग वाचू शकतात, पण २०१८ मध्ये आलेल्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून पुढे कोणतेही ॲप न उघडता नुसता फोन टेकवूनही टॅग वाचता येतो.

ही पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘एनएफसी नीट चालत नाही’ अशी तक्रार करतात. अँटेना, म्हणजे वर सांगितलेले ते चपटे वेटोळे, फोनच्या सगळ्या पाठीवर पसरलेली नसते. आयफोनमध्ये ती वरच्या कडेजवळ असते; अँड्रॉइड फोनमध्ये कधी पाठीच्या मधोमध, तर कधी कॅमेऱ्याच्या बाजूला असते. ती शोधण्यासाठी एक टॅग किंवा कोणतेही स्पर्शविरहित कार्ड टेबलावर सपाट ठेवावे, फोनचा पडदा चालू करून कुलूप उघडावे आणि फोनची वरची कड कार्डावर ठेवून फोन अगदी सावकाश, एका वेळी बोटभर, पुढे सरकवावा. ज्या जागी फोन थरथरतो किंवा आवाज करतो, तिथे थांबून कव्हरवर पेन्सिलीने बारीक खूण करावी. हे दोन-तीन वेळा करून पाहिले की ती जागा हाताच्या अंगवळणी पडते. त्यानंतर पैसे देताना किंवा दार उघडताना फोन यंत्रावर इकडेतिकडे घासावा लागत नाही.

पडदा बंद असलेला फोन सहसा टॅग वाचत नाही, हेही इथेच लक्षात घ्यावे. म्हणूनच खिशातला फोन येता-जाता प्रत्येक कार्ड वाचत सुटत नाही आणि एनएफसी दिवसभर चालू ठेवल्याने बॅटरीवर जाणवण्याजोगा भार पडत नाही.

पैसे देण्यासाठी

प्रथम फोनला पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा यांपैकी एखादे कुलूप लावावे. त्याशिवाय वॉलेट, म्हणजे कार्डे ठेवून पैसे देण्याचे ॲप, आपले कार्ड स्वीकारत नाही आणि ते योग्यच आहे. मग गूगल वॉलेट, ॲपल वॉलेट किंवा सॅमसंग वॉलेट यांपैकी आपल्या फोनवर आणि आपल्या बँकेत जे चालत असेल ते उघडून कार्ड जोडावे. कार्डाचा क्रमांक कॅमेऱ्याने टिपता येतो किंवा हाताने लिहिता येतो. त्यानंतर बँक एक सांकेतिक क्रमांक पाठवून किंवा आपल्या ॲपमधून खातरजमा करते. अँड्रॉइडमध्ये यानंतर एनएफसीच्या सेटिंग्जमध्ये स्पर्शविरहित पैसे देण्याचा जो भाग असतो, तिथे आपले वॉलेट मूळ ॲप म्हणून निवडलेले आहे का हे तपासावे, कारण फोनवर दोन वॉलेटे असतील तर नेमका घोटाळा इथेच होतो.

प्रत्यक्ष पैसे देताना अँड्रॉइड फोनचे कुलूप उघडून अँटेनाची बाजू यंत्रावरच्या चार कमानींच्या खुणेजवळ धरावी. चेहऱ्याने उघडणाऱ्या आयफोनवर बाजूचे बटण दोनदा दाबावे, चेहरा ओळखू द्यावा आणि फोनचे वरचे टोक यंत्राजवळ न्यावे. फोन यंत्रावरून झर्रकन फिरवू नये. बरोबरची खूण दिसेपर्यंत किंवा फोन थरथरेपर्यंत एक-दोन सेकंद स्थिर धरावा. बहुतेक अपयशी व्यवहारांचे कारण एवढेच असते की हात लवकर मागे घेतलेला असतो.

फोनमध्ये आपल्या कार्डाचा खरा क्रमांक वापरला जात नाही. कार्ड जोडताना त्या फोनपुरता एक पर्यायी क्रमांक, ज्याला टोकन म्हणतात, तयार होतो, आणि प्रत्येक व्यवहाराबरोबर एकदाच चालणारा सांकेतिक आकडा जातो. त्यामुळे यंत्राच्या बाजूने एखादा व्यवहार चोरून टिपला, तरी त्यातून दुसरा व्यवहार उभा राहत नाही. फोन हरवला तर दुसऱ्या उपकरणावरून तो लगेच हरवलेला म्हणून नोंदवावा आणि बँकेला कळवावे. फोनमधले टोकन बंद करता येते आणि घरात ठेवलेले प्लॅस्टिकचे कार्ड चालूच राहू शकते. पिनशिवाय किती रकमेपर्यंत व्यवहार होतो, याचे नियम देशागणिक वेगळे असतात. आपल्या बँकेची मर्यादा एकदा पाहून ठेवावी.

टॅग : कोणता घ्यावा आणि त्यावर कसे लिहावे

माझा सर्वाधिक जीव या भागात आहे, कारण इथे आपण दुसऱ्याने तयार केलेल्या सोयीचे नुसते ग्राहक राहत नाही. टॅग म्हणजे नाण्याएवढे गोल, कागदाइतके पातळ स्टिकर. उजेडासमोर धरले तर त्यातली तारेची वर्तुळे आणि मधली ठिपक्याएवढी चिप दिसते. बाजारात एनटॅग २१३, २१५ आणि २१६ या चिपांचे टॅग सहज मिळतात आणि त्यांत अनुक्रमे १४४, ५०४ आणि ८८८ बाइट एवढी जागा वापरण्यासाठी असते. नुसता वेबपत्ता किंवा फोन क्रमांक ठेवायचा असेल तर २१३ पुरतो. संपूर्ण संपर्कपत्र, म्हणजे नाव, हुद्दा, दोन क्रमांक, ईमेल आणि पत्ता ठेवायचा असेल तर २१५ किंवा २१६ घ्यावा. या चिपांवर एक लाख वेळा लिहिता येते आणि माहिती किमान दहा वर्षे टिकते असे गृहीत धरले जाते.

मराठीत मजकूर लिहिणाऱ्यांनी एक हिशेब अवश्य करावा. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ हा शब्द आपल्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो, पण त्यात सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट. अशा हिशेबाने एनटॅग २१३ मध्ये देवनागरीची साधारण ४४ चिन्हे मावतात, आणि एवढ्यात एक आटोपशीर वाक्य कसेबसे बसते. मोठा मराठी मजकूर हवा असेल तर मोठा टॅग तरी घ्यावा, किंवा मजकूर इंटरनेटवर ठेवून टॅगवर फक्त त्याचा पत्ता लिहावा.

लिहिण्यासाठी एनएफसी टूल्स हे ॲप सोपे आहे. ते उघडून ‘राइट’ या भागात जावे आणि ‘ॲड अ रेकॉर्ड’ निवडावे. तिथे मजकूर, वेबपत्ता, फोन क्रमांक, संपर्क, वाय-फाय असे प्रकार दिसतात. हवा तो निवडून माहिती भरावी आणि ती एकदा मोठ्याने वाचून तपासावी. मग ‘राइट’ हे बटण दाबून फोनवरच्या अँटेनाच्या खुणेखाली टॅग ठेवावा आणि काम झाल्याचा संदेश येईपर्यंत हात हलवू नये. मधेच टॅग सरकला तर नोंद अर्धवट राहते, पण घाबरण्याचे कारण नसते. तीच क्रिया पुन्हा केली की झाले. शेवटी ॲप बंद करून, फोन नेहमीसारखा हातात घेऊन टॅग वाचून पाहावा, कारण ॲपच्या आत चाललेला टॅग बाहेरही अपेक्षेप्रमाणे चालेलच असे नाही.

टॅग चिकटवण्याआधी त्याखालचा पृष्ठभाग पाहावा. लाकूड, काच, प्लॅस्टिक आणि भिंत यांवर कोणताही टॅग चालतो. धातूवर मात्र साधा टॅग मुकाच राहतो, कारण धातू ते चुंबकीय क्षेत्र मारून टाकतो. फ्रिज, लोखंडी कपाट किंवा लॅपटॉपची धातूची पाठ यांवर लावण्यासाठी खास धातूवर चालणारे टॅग मिळतात, ज्यांच्या पाठीला फेराइटचा पातळ थर असतो, तेच घ्यावेत.

टॅगला कायमचे कुलूप लावण्याची सोय ॲपमध्ये असते आणि तिच्याविषयी मी कळकळीने सांगतो. पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात मी घरच्या वाय-फायचा टॅग तयार करून तो कुलूपबंद केला आणि पुढच्या महिन्यात वाय-फायचा पासवर्ड बदलला. तो टॅग आता कोणत्याही उपायाने बदलता येत नाही, कारण हे कुलूप उघडतच नाही. घरातल्या टॅगांना कुलूप लावू नये. जो टॅग अनोळखी लोकांच्या हाताशी राहणार आहे आणि ज्यावरची माहिती बदलणार नाही, त्यालाच ते लावावे.

वाय-फायच्या टॅगबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. अँड्रॉइड फोन असा टॅग वाचून थेट ‘जोडू का?’ असे विचारतो, पण आयफोन अशी नोंद परस्पर स्वीकारत नाही. आयफोन वापरणाऱ्या पाहुण्यांसाठी शेजारी क्यूआर कोड ठेवावा. दुसरे असे, की टॅगवरचा पासवर्ड उघड असतो आणि जो फोन टेकवेल त्याला तो वाचता येतो. म्हणून राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क तयार करून त्याचाच टॅग लावावा.

माझ्या आईची बोटे थरथरतात आणि संपर्कांच्या लांबलचक यादीतून नाव निवडताना तिच्याकडून भलत्यालाच फोन लागत असे. तिच्या पलंगाशेजारच्या लाकडी टेबलावर मी एक टॅग लावला, त्यावर फक्त माझा क्रमांक लिहिला आणि तो बोटांना चाचपून सापडावा म्हणून त्याच्या मध्यभागी शर्टाचे एक प्लॅस्टिकचे बटण चिकटवले. आई फोन उघडते, बटणावर टेकवते, पडद्यावर माझा क्रमांक तयार भरलेला येतो आणि तिला फक्त हिरवी खूण दाबायची उरते. सुरुवातीला ती फोन आपटल्यासारखा ठेवायची आणि लगेच उचलायची. बटणावर फोन ठेवून मनात दोन मोजायचे एवढे सांगितल्यावर तिला जमले. दृष्टी अधू असलेल्यांसाठीही याच रीतीने औषधांच्या डब्यांना टॅग लावता येतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक ही पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय चालू असेल तर टॅगवर लिहिलेले औषधाचे नाव आणि वेळ फोन वाचून दाखवतो. आयफोन मात्र ॲप न उघडता नुसत्या मजकुराचा टॅग दाखवत नाही, त्याला वेबपत्त्यासारखा दुवा लागतो, हे आधी लक्षात घेऊन टॅग तयार करावा.

आयफोनवरचे ऑटोमेशन

आयफोनमध्ये टॅगवर काहीही न लिहिता काम करून घेता येते. शॉर्टकट्स ॲप उघडून ‘ऑटोमेशन’ या भागात अधिकच्या खुणेवर जावे, यादीतून एनएफसी निवडावे, ‘स्कॅन’ दाबून टॅग टेकवावा, त्याला ओळखीचे नाव द्यावे आणि ‘रन इमीजिएटली’ हा पर्याय निवडावा म्हणजे दर वेळी परवानगी विचारली जाणार नाही. त्यानंतर हवी ती कृती जोडावी : गजर लावणे, दिवे बंद करणे, ठरावीक संदेश पाठवणे किंवा टायमर सुरू करणे. इथे फोन टॅगच्या चिपचा स्वतःचा क्रमांक ओळखतो आणि कृतीची नोंद फोनमध्येच राहते. त्यामुळे दुसऱ्या कोणी तोच टॅग आपल्या फोनला लावला तर काहीच होत नाही, आणि खाजगी कामांसाठी ही गोष्ट सोयीचीच आहे. अँड्रॉइडवर असे काम करण्यासाठी मॅक्रोड्रॉइडसारखे ऑटोमेशनचे वेगळे ॲप घ्यावे लागते.

कोणती कामे टॅगवर सोपवावीत, याला माझे उत्तर असे आहे, की जे काम एका ठरावीक जागीच करायचे असते तेच सोपवावे. पलंगाशेजारी झोपेची तयारी, कपडे धुण्याच्या यंत्रावर पाऊण तासाचा टायमर, गाडीत नकाशा. जे काम कुठूनही करायचे असते त्यासाठी टॅगपर्यंत उठून जाणे हा उलटा त्रास होतो.

जोडणी, कुलपे आणि ओळखपत्रे

काही हेडफोन, स्पीकर, कॅमेरे आणि प्रिंटर यांवर एनएफसीची खूण असते. तिथे फोन टेकवला की जोडणीसाठी लागणारी माहिती क्षणात फोनकडे जाते आणि आवाज किंवा छायाचित्रे नंतर ब्लूटूथ अथवा वाय-फायवरून वाहतात. खात्यांच्या सुरक्षेसाठी मिळणाऱ्या एनएफसीच्या सुरक्षा-किल्ल्या याच पद्धतीने फोनच्या पाठीला लावून वापरता येतात, आणि पासवर्ड चोरणाऱ्या बनावट संकेतस्थळांपुढे त्या फार खंबीर ठरतात. काही गाड्यांची दारेही मुठीला फोन टेकवून उघडतात. साखर मोजण्यासाठी दंडावर लावायचे काही संवेदक फोन जवळ नेऊन वाचले जातात. नव्या प्रकारांत एनएफसी फक्त संवेदक सुरू करण्यापुरते लागते आणि पुढची आकडेवारी ब्लूटूथवरून येते.

चिप असलेला पासपोर्ट फोनने वाचताना अनेकांची धांदल उडते. ॲप आधी छायाचित्राच्या पानावरच्या खालच्या दोन ओळी कॅमेऱ्याने टिपते, कारण पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांवरूनच चिप उघडण्याची किल्ली तयार होते. मग पासपोर्टचे बाहेरचे आवरण काढावे, तो टेबलावर सपाट ठेवावा आणि फोन त्यावर ठेवून हात काढून घ्यावा. चिपमध्ये छायाचित्र असल्यामुळे ते वाचायला काही सेकंद लागतात. एका बाजूने जमले नाही तर फोन मुखपृष्ठावर, छायाचित्राच्या पानावर आणि मागच्या आवरणावर ठेवून पाहावे, कारण चिपची जागा वेगवेगळ्या देशांत वेगळी असते.

कुठे सावध राहावे

सार्वजनिक जागी लावलेला टॅग कोणीही काढून त्यावर दुसरा चिकटवू शकतो. टॅग वाचल्यावर जो वेबपत्ता पुढे येतो, तो उघडण्याआधी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा, आणि अशा पानावर पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील कधीही भरू नये.

याहून गंभीर फसवणूक २०२४ मध्ये युरोपात उघडकीस आली. बँकेतून बोलतो असे सांगून लोकांना एक ॲप घ्यायला लावले जाई, मग आपले कार्ड फोनच्या पाठीला लावून पिन टाकायला सांगितले जाई. ते ॲप कार्डाचे बोलणे इंटरनेटवरून थेट चोराच्या फोनपर्यंत पोहोचवी आणि तो दुसरीकडे पैसे काढून घेई. चार सेंटीमीटरचे संरक्षण इथे निकामी झाले, कारण कार्ड जवळ नेण्याचे काम मालकानेच केले. आपले कार्ड आपल्याच फोनला लावा असे फोनवरून कोणी सांगितले, तर बोलणे तिथेच थांबवून कार्डामागच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा.

फोन ओळखत नसेल तर

आधी कव्हर काढून पाहावे. धातूचे कव्हर, गाडीतल्या चुंबकी धारकासाठी लावलेली लोखंडी पट्टी आणि कव्हरच्या खणात ठेवलेली कार्डे ही तीन कारणे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. कव्हरमध्ये प्लॅस्टिकचे कार्ड असेल तर यंत्रापुढे एकाच वेळी दोन कार्डे येतात आणि ते गोंधळते, किंवा नको त्या कार्डावरून पैसे जातात. कव्हर काढूनही जमत नसेल तर एनएफसी बंद करून पुन्हा चालू करावे, फोन एकदा पूर्ण बंद करून उघडावा, आणि दुसऱ्या फोनने तोच टॅग वाचून दोष टॅगचा की फोनचा हे ठरवावे. वाकलेल्या किंवा चुरगळलेल्या टॅगची तार आत तुटलेली असते; तो दुरुस्त होत नाही.

फोन विकण्याआधी किंवा कोणाला देण्याआधी वॉलेटमधली कार्डे एकेक करून काढावीत, गाडीची किंवा दाराची फोनमधली किल्ली मालकाच्या खात्यातून रद्द करावी आणि मगच फोन मूळ स्थितीला न्यावा. घर बदलताना भिंतीवरचे टॅगही सोबत न्यावेत किंवा त्यांवर कोरी नोंद लिहावी. वाय-फायचा पासवर्ड असलेला टॅग मागे राहिला तर तो पुढे येणाऱ्या कोणालाही वाचता येतो.